मैदानाकडे पाठ करून

आमचे भानुदासअण्णा कबड्डीचा सामना मैदानाकडे पाठ करून बघतात. 'बघतात' हे त्यांचं म्हणणं. वडीगोद्रीला दरवर्षी सामने भरतात, अख्खं गाव एका दिशेला तोंड करून ओरडत असतं आणि त्या गर्दीत एकच खुर्ची उलटी असते. चढाईवरचा पोरगा मध्यरेषेला हात लावतो, शिट्ट्या वाजतात, धूळ उडते आणि अण्णा आपले आखणीच्या मागे सतरंजीवर बसलेल्या गावच्या राखीव पोरांकडे बघत असतात. ती पोरं शेंगा खात असतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, माणसाचा काहीतरी घोटाळा झालाय.

"अण्णा, सामना तिकडे आहे."

"तिकडचं समद्यालाच दिसून राह्यलं शेठ. पोरगं मैदानात बिघडत न्हाई. सतरंजीवर बिघडतं."

मला ते शेठ म्हणतात, यात माझा काही दोष नाही. माझे पणजोबा राजस्थानातून जालन्यात आले आणि मस्तगडला कापडाचं दुकान टाकून बसले. ते दुकान माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत पगारी नोकर. अण्णा तिथेच माझ्या हाताखाली आहेत, म्हणजे कागदोपत्री. खरं तर मी त्यांना विचारल्याशिवाय खिडकीही उघडत नाही. ते आठवडाभर जालन्यात खोलीवर राहतात आणि शनिवारी संध्याकाळी वडीगोद्रीला घरी जातात.

अण्णांचं काम बियाण्याची उगवण तपासायचं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून उगवणीच्या कपाटात ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. तोवर कपाटाची किल्ली अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात. एकदा नवे मॅनेजर आले. त्यांना माल लवकर पाठवायचा होता, म्हणून ते तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "जरा उघडून बघू, अंदाज तर येईल." अण्णा कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"न्हाई साहेब. उघडून बगितलं की कोंब मोडतो. मंग आपुनच लिहितो, बी खराब व्हतं."

"अहो, मी मॅनेजर आहे!"

"बिलकुल हायेत. पर बियाला ते कुठं म्हाईत हाय?"

मॅनेजर हसले नाहीत, पण कपाटही उघडलं नाही.

हाच कायदा अण्णा कबड्डीला लावतात. गावोगाव एखादं विजेसारखं पोरगं निघतं, दोन वर्षं गाजतं आणि मग कुठे जातं कुणालाच कळत नाही. ते का होतं, हा अण्णांचा आवडता विषय. डबा उघडला की विषय उघडतो. "समद्या चढाया त्या एकालाच देतेत. बाकीचे सहा जण काय देवदर्शनाला आल्ते का?" मग भाकरीचा तुकडा मोडून, "दरसाली नवा गुरुजी. एक म्हनतो पाय टाक, दुसरा म्हनतो हात टाक. लेकरू मधीच हुभं."

त्यांचा खरा राग मात्र फ्लेक्सवर आहे. एका वर्षी गावच्या पोराने अंबडचा सामना एकट्याने काढला. दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्याचा पुरुषभर उंच फोटो, खाली पन्नास शुभेच्छुक. अण्णांनी पहाटे जाऊन फ्लेक्स उतरवला आणि घरी नेऊन म्हशीच्या कडब्यावर झाकला. शुभेच्छुक भांडायला आले, तर त्यांनाच चहा पाजला. "कडबा बी वाचला, पोरगं बी वाचलं," म्हणाले. पोरगं खरंच वाचलं, ते अजून खेळतं. याचं श्रेय फ्लेक्स उतरवण्याला आहे की नाही, हा वाद मी अण्णांशी घालत नाही.

आणखी एक खोड. अण्णा सामन्याला गेले की आपल्या शेजारी एक खुर्ची धरतात. तिच्यावर गमछा टाकतात आणि कुणी बसायला आलं की म्हणतात, "येऊन राह्यला माणूस." एकदा साक्षात सरपंचांना उभं ठेवलं होतं. माणूस काही येत नाही. मी तीन वर्षं बघतोय. सामने संपले की अण्णा गमछा झटकतात, खांद्यावर टाकतात आणि घरी जातात.

माणूस कोण, ते मला मैदानाजवळच्या चहावाल्याने सांगितलं. अण्णा पूर्वी गावच्या संघाचे गुरुजी होते आणि सोपान नावाचा एक पोरगा त्यांनी हाताने घडवला होता. त्याची चढाई बघायला बाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून लोक यायचे. जिल्ह्याच्या सामन्यात अखेरची चढाई उरली, अण्णांनी सोपानला पाठवलं आणि त्याचा गुडघा गेला. तो पुन्हा खेळला नाही. मैदानावरही आला नाही. अण्णांनी शिकवणं सोडलं. गाव आजही दरसाल बोलवायला जातं, तर म्हणतात, "सोपान बसला मैदानात येऊन, तर मी हुभा राहतो."

हा सोपान म्हणजे आमच्याच कंपनीचा माल नेणारा टेम्पोवाला. हे ऐकून मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. गेली तीन वर्षं त्याच्या मालाच्या बिलटीवर मीच सह्या करत होतो!

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. टेम्पो फाटकातून आत आला की अण्णा म्हणायचे, "कपाटाचं तापमान बघून येतो," आणि आतल्या खोलीत जायचे. त्या खोलीची खिडकी गोदामाकडे उघडते. एकदा मी मागोमाग गेलो. सोपान गाडीतून उतरत होता. अण्णा खिडकीच्या गजाला धरून स्वतःशीच पुटपुटले, "आज उजवा पाय आधी टाकला. थंडीनं गुडघा ठणकून राह्यला आसंल."

गोदामाच्या हमालांना विचारलं, तर कळलं की सोपानला गोणी उचलू द्यायची नाही अशी अण्णांची ताकीद आहे. सोपानला वाटतं, तो कंपनीचा नियम आहे.

मला राहवलं नाही. एका दुपारी बिलटीवर सही करता करता मी सोपानकडे अण्णांचा विषय काढला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण एकदम शाळकरी पोरासारखा खाली बघायला लागला.

"अण्णाचा काई दोष न्हाई शेठ. सामन्याच्या आदल्या दिशीच गुडघ्यातून कट्ट आवाज आल्ता. मी सतरंजीवर बसून वर गमछा बांधला. अण्णांनी इचारलं, पाय बराबर हाय का रे? मी म्हनलो, बराबर हाय. खोटं बोललो. ट्रॅक्टर भरून मान्सं आल्ती, आन् मी न्हाई कसं म्हनू? अण्णाची दहा वर्सांची मेहनत मीच मातीत घातली. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

"ते तुमच्यासाठी खुर्ची धरतात," मी म्हणालो.

सोपानने बिलटीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "रविवारी फायनल हाय ना? माझा सोलापूरचा फेरा हाय," एवढं बोलून गेला.

मला पोटात काही ठेवता येत नाही. संध्याकाळच्या आत मी अण्णांना सगळं सांगून टाकलं होतं. ते दाणे मोजत होते. मोजणं थांबलं नाही.

"मला म्हाईत हाय, त्यो खोटं बोलला व्हता," ते म्हणाले. "सतरा वर्साचं लेकरू दुसरं काय बोलंल? त्याचं तोंड बघायचं काम माझं व्हतं शेठ. मी इचारलं त्याला, आन् बघत व्हतो मैदानाकडं."

त्यानंतर शंभर झाले तरी ते मोजतच राहिले. मला फार वाईट वाटलं. त्यांची मोजणी पहिल्यांदाच चुकत होती, आणि मी ती चूक दाखवली नाही.

रविवारी मी मोटारसायकल काढून वडीगोद्रीला गेलो. अण्णांची उलटी खुर्ची, शेजारी गमछा टाकलेली खुर्ची, पलीकडे मी. मध्यंतर झालं. संघांनी बाजू बदलल्या, राखीव पोरांनी सतरंजी गोळा केली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पसरली. अण्णा हलले नाहीत. त्यांच्यासमोर आता सतरंजी नव्हती, पोरं नव्हती, शेंगाही नव्हत्या. समोर नुसता हायवे होता.

तीन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो आणि माझ्या हे लक्षात आलं नाही. सोलापूरकडे जाणारी प्रत्येक गाडी इथूनच जाते. मीही माझी खुर्ची गुपचूप रस्त्याकडे फिरवली.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा तो टेम्पो आला. आमच्याच गोण्या, मी ओळखल्या. वेग कमी झाला, डावीकडचा दिवा उघडझाप करायला लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अण्णांनी शेजारच्या खुर्चीवरचा गमछा उचलला. गमछ्यानेच खुर्चीवरची धूळ पुसली, तिची पाठ पुसली, हात पुसले. मी उठलो, म्हटलं धावत जाऊन हाताला धरून आणतो. अण्णांनी माझं मनगट पकडलं.

"बसा शेठ. कपाट उघडायचं न्हाई."

आम्ही बसून राहिलो. टेम्पोचा दरवाजा अर्धा उघडला. एक पाय पायरीवर आला, उजवा. मागे मैदानात केवढा तरी आरडाओरडा झाला, कुणीतरी हलगी बडवायला लागलं. तो पाय तिथेच होता. मग वर गेला, दरवाजा लागला आणि गाडी निघाली.

मला सोपानचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अण्णा मात्र गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होते.

"थांबली व्हती ना शेठ?"

"थांबली होती."

"तुम्ही बी बघितली ना?"

"बघितली."

"इतक्या वर्सांत कधी थांबली न्हवती. सोलापूरचा माल हाय, जल्दी आसंल." त्यांनी गमछा पुन्हा त्या खुर्चीवर पसरला, नीट, सुरकुती काढून. "पाय बी बाहेर काढला व्हता."

अंधारायला लागलं तसे आम्ही उठलो. फायनल कोण जिंकलं, ते आम्हा दोघांनाही चहावाल्याला विचारावं लागलं.