पोर्फियादाचं नाव घेऊ नका!

"उद्याच्या सातही शर्यतींचे विजेते माझ्या मुठीत आहेत!" शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला रुफिनो पिंतोस माइकमध्ये गरजला आणि सान एलादियो गावातली झाडून सगळी माणसं पेन्सिली सरसावून बसली.

पेन्सिली कशाला? रुफिनो ज्या घोड्याचं नाव घेईल, त्याच्यावर काट मारायला!

बावीस वर्षं हा गृहस्थ गावच्या रेडिओवर रविवारच्या शर्यतींचं भाकीत सांगत होता आणि बावीस वर्षांत त्याने नाव घेतलेला एकही घोडा जिंकला नव्हता. चुकूनसुद्धा नाही. एकदा तर शर्यतीत घोडेच दोन होते. त्यातला एक वळणावर पडला. रुफिनोने सांगितलेला दुसरा एकटाच पुढे, समोर मोकळं मैदान, आता काय बिशाद कोणी हरवायची! तर तो थांबला, मागे फिरला आणि पडलेल्याला हुंगायला गेला. पडलेला जॉकीसकट उठला आणि जिंकला. तेव्हापासून गाव रुफिनोला तोंडावर 'उस्ताद' म्हणे आणि पाठीमागे 'पनवती'. घोड्यांचे मालक गुपचूप त्याच्या दाराशी चीझचे गोळे आणि सॉसेजच्या माळा ठेवून जात. 'आमच्या घोड्याचं नाव तेवढं घेऊ नका हो!' अशी चिठ्ठी सोबत. रुफिनोचं पोट सुटलं होतं ते त्यावरच.

चारचौघांत तो याला योगायोग म्हणायचा. मनातून मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्या या करणीचा त्याने आयुष्यात एकच सदुपयोग केला होता. देल्मिरा ओलास्कोआगाच्या घोड्यांचं नाव त्याने कधीही घेतलं नव्हतं.

देल्मिरा विधवा. नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मैदानामागच्या तबेल्यात ती एकटीच घोडे तयार करत होती. तिच्या घोड्याची शर्यत आली की रुफिनोला खोकल्याची उबळ येई, तंत्रज्ञ मिल्तन घाईघाईने साबणाची जाहिरात लावी आणि जाहिरात संपेपर्यंत पुढची शर्यत आलेली असे. तिने जिंकलेल्या नऊ शर्यती म्हणजे आपणच तिला दिलेल्या नऊ भेटी आहेत, असं रुफिनो स्वतःशी मोजत असे. पण हे तिला सांगायचं कोणी? तेवढी त्याची छाती नव्हती.

दर रविवारी देल्मिरा कठड्याशी उभी राही. येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू काढ्याने भरलेला तिचा भोपळ्याचा पेला हातोहात फिरे. एकाने नळीतून ओढायचं, तिने पुन्हा गरम पाणी ओतायचं, पुढच्याला द्यायचं. रुफिनो दहा माणसं सोडून पलीकडे. त्याच्यापर्यंत पेला येई तेव्हा थर्मासातलं पाणी संपलेलं. तरी तो पेला घेई. नळी अजून कोमट असे. तो ती दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभा राही आणि त्या थोड्या वेळाच्या जोरावर पुढचे सहा दिवस काढी. एकसष्ट वर्षांचा बाप्या, पण जीव असा टांगलेला!

तर त्या शनिवारी भाकीत रंगात आलं होतं.

"पहिली शर्यत, मारिस्काल! सुटायला असा चपळ की बाकीचे त्याची शेपटीच बघतील!"

मारिस्कालचा मालक घरी डोक्याला हात लावून बसला.

"तिसरीत लुना ब्रावा! आठवडाभर पहाटे मी तिची चाल बघितलीय. चौथीत कापितान, डोळे मिटून! आणि आता पाचवी... खॉक! खॉक!"

मिल्तनने साबणाच्या जाहिरातीकडे हात नेला, तेवढ्यात दार उघडून देल्मिरा आत आली. अंगात तबेल्यातला अंगरखा, बुटांना चिखल.

"रुफिनोसाहेब, नेमका माझ्या घोड्यांच्या शर्यतीलाच खोकला कसा येतो हो तुम्हाला?"

"धूळ... धूळ फार आहे इथे."

"अकरा वर्षं? मी तुमचं काय घोडं मारलंय?"

माइक चालूच होता. रुफिनोच्या ते ध्यानात नव्हतं. मिल्तनच्या होतं, पण इतक्या रंगात आलेल्या कार्यक्रमात साबण लावायला त्याचा हात धजेना.

"उद्या माझ्या पोर्फियादाची शर्यत," देल्मिरा म्हणाली. "जिंकली तर सोरियानोचा शेठ तिला विकत घेणार. मी शब्द दिलाय. मग तबेल्याला कुलूप आणि सोमवारच्या बसने मी बहिणीकडे, साल्तोला. कायमची. निदान जाता जाता तिचं नाव तरी रेडिओवर ऐकू दे मला."

रुफिनोने बोटांवर मोजलं. सोमवार! म्हणजे परवा!

मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक नाव घ्यायचा अवकाश! घोडी हरणार, शेठ हात हलवत परत जाणार, देल्मिरा इथेच राहणार. आणि ती तर स्वतःच मागतेय! त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"नाही घेणार," तो म्हणाला.

एवढ्यात खालून जमिनीला धाड धाड धक्के बसले. रेडिओ केंद्राच्या खाली वॉशिंग्टन खाटकाचं दुकान होतं आणि वॉशिंग्टन केरसुणीच्या दांड्याने छत ठोकत होता.

"रुफिनोऽऽ! त्या घोडीचं नाव घेतलंस तर खबरदार! अख्ख्या गावाने तिच्यावर लावलंय!"

फोन खणाणला. मिल्तनने उचलला. "उस्ताद, नगराध्यक्ष म्हणतायत, घेऊ नका. आता पाद्रीबाबा. तेही म्हणतायत, देवाशपथ घेऊ नका!"

देल्मिराने कपाळाला आठ्या घातल्या. "हा काय प्रकार आहे?"

"देल्मिराबाई, मी नाव घेतलं की घोडा हरतो!" रुफिनोचा बांध फुटला. "गावातली पोरंटोरंसुद्धा जाणतात. तुम्ही हरलेलं मला बघवत नाही, म्हणून खोकतो! तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटतं. रविवारी तुम्ही कठड्याशी नसलात तर मी बघायचं कुणाकडे? पण म्हणून काय माझ्या हाताने तुमची घोडी पाडू?"

खालची केरसुणी थांबली. फोन गप्प झाला.

"अरे बाबा," खालून वॉशिंग्टनचा हळू आवाज आला, "हे सगळं रेडिओवर चाललंय!"

रुफिनोने वर पाहिलं. माइकचा लाल दिवा जळत होता आणि मिल्तन नाक शिंकरत होता.

देल्मिराचे कान लालबुंद झाले. तरी तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसली. "पनवती-बिनवती मी मानत नाही. नाव घ्या."

आता तिने सांगितल्यावर काय करणार! रुफिनोने डोळे मिटले आणि अकरा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. पोर्फियादाचे कान, पहाटेच्या धुक्यातली तिची चाल, सुटण्याआधी उजवा पाय आपटायची तिची सवय, नावाचा अर्थच 'हट्टी' आणि स्वभाव त्याहून हट्टी! सलग सात मिनिटं तो बोलत होता. "सहा घोड्यांच्या अंतराने जिंकणार!" असं त्याने जाहीर केलं तेव्हा खाली वॉशिंग्टनने हंबरडा फोडला.

रविवारी मैदानावर सगळं गाव रुफिनोकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होतं. पाचवी शर्यत आली. फाटकं उघडली. सहा घोडे सुसाट सुटले.

पोर्फियादा उभीच!

जॉकीने दटावलं, गोंजारलं, शेवटी हात जोडले. ती आभाळाकडे बघत राहिली. बाकीच्यांची शर्यत संपल्यावर ती सावकाश बाहेर आली आणि फेरफटका मारत देल्मिरापाशी जाऊन तिचा खिसा हुंगू लागली. सोरियानोच्या शेठने टोपी चढवली आणि ट्रकमध्ये बसून चालता झाला. वॉशिंग्टन रुफिनोला शोधत फिरू लागला, तेही दुकानातल्या एप्रनसकट!

रुफिनो तबेल्यात, गवताच्या भाऱ्यांमागे लपला होता. तिथे त्याला देल्मिराने गाठलं. बगलेत थर्मास, हातात पेला.

"माफ करा, देल्मिराबाई," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी सांगत होतो हो..."

"काय सांगत होतास? पोरंटोरंसुद्धा जाणतात, असंच ना? मग मलाच तेवढं ठाऊक नव्हतं होय रे?"

रुफिनो भाऱ्यांमागून अर्धा बाहेर आला.

"जिंकली तर विकीन, असा शब्द देऊन बसले होते. दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि इथून जायचं तर मनात नव्हतं. मग जिना चढून जायचं कुणाकडे? हमखास हरवून देणारा गावात एकच माणूस!" ती पेल्यात पाणी ओतू लागली. "आणि त्या खोकल्याचा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला होता. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. वाट बघून बघून केस पिकले माझे. उद्या सकाळी सहाला ये. चारा घालायचाय."

रुफिनोची छाती फुगली. त्याने एक बोट वर केलं आणि खास रेडिओचा आवाज लावला.

"देल्मिरा, माझे शब्द लिहून ठेव! आपल्या दोघांचं आता शंभर टक्के—"

"गप्प!" म्हणत तिने नळी त्याच्या तोंडात खुपसली.

पेला काठोकाठ भरलेला होता. काढा कढत होता. जीभ चांगलीच पोळली, भाकीत घशाखाली गेलं, पण रुफिनोने नळी काही सोडली नाही.