तिसऱ्या कडव्याची मोहीम

वाचणारांचे खिदमतीस अर्ज ऐसा जे, शहर छत्रपती संभाजीनगर, मुकुंदवाडी येथे आदितवारी सुलेखाबाईसाहेबांनी तिसऱ्या कडव्याकारणे जी मोहीम केली, तिची हकिकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ जरुरीपुरतेच घातले आहे.

आत्यासाहेब मनकर्णाबाई वैजापूरकर, उमर अठ्ठ्याहत्तर, गाण्यांच्या खजिनदार. त्यांजपासून बाईसाहेबांनी दहा वर्षे गाणी उतरून घेतली आणि मोबाइलातील एका रंगीबेरंगी ॲपाचे हवाली केली, आणि मग त्या ॲपाने फितुरी केली. जुन्या फोनास दरवाजा उघडीना. तेव्हा बाईसाहेबांनी लॅपटॉपाचे मार्गे तीन दिवस वेढा दिला आणि एकेक गाणे सोडवून साध्या मजकुराच्या तीनशे बारा फाइलींत वसविले. रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरे. परंतु कोणत्याही यंत्रावर उघडणारी, ऐसी इमानी रयत.

चुलतबंधू आकाशराव, टापटिपीचे मोठे षौकीन, यांनी पाहणी केली, तो प्रत्येक फाइलीचे माथी बाईसाहेबांची खोड नजरेस आली: गाताना आत्यांचे हात कोणत्या कामात होते, ते लिहिणे. 'भाकरी थापताना.' 'गोधडी टाचताना.' आकाशरावांनी फर्माविले जे, हा कचरा उडवावा आणि फाइलींस विषयवार नावे द्यावी. बाईसाहेबांनी नावे दिली, आणि कचरा उद्या उडवू म्हणोन आळस केला.

मग आदितवार उगवला. चार वाजता वस्तीतील वाचनालयाचे उद्घाटन, तेथे आत्यासाहेबांनी आपल्या आईवरचे गाणे म्हणावे ऐसा ठराव. आणि दुपारी बारा वाजता आत्यांस तिसरे कडवे आठवेना. त्याच कडव्यात आईचे नाव, तेही ऐन वेळी कोणाचे ओठी येईना. त्या माउलीचा फोटो नाही, कोण्या कागदावर नाव नाही. जे काय उरले ते त्या चार ओळींत. आत्यांचा चेहरा उतरला आणि बाईसाहेबांनी लॅपटॉप उघडिला.

मग 'आई' शब्द घेऊन शोध सोडिला, तो एकशे चाळीस फाइली हजर. विषयवार नावे पाहावी, तो 'आई-१' पासून 'आई-४७' पावेतो सारी एकाच तोंडवळ्याची फौज. उघडता उघडता तीन वाजले. आकाशराव पाणी पिण्याचे निमित्ते मागचे दारी निघोन गेले.

तेव्हा आत्या बोलल्या, "अगं, त्या दिवशी मी लसूण सोलत व्हते की! अन् तुला रडू आलं व्हतं, ध्यानात नाय का?"

'लसूण' लिहिताच एकच फाइल पुढे आली. माथी नोंद: 'आत्या लसूण सोलताना. माझ्या डोळ्यांत पाणी. लसणामुळे.' आणि खाली तिसरे कडवे, शाबूत.

चार वाजता आत्यांनी भर सभेत आईचे नाव गाऊन घेतले, भामाबाई, आणि सभा उभी राहिली. सबब फत्ते जाहली. आकाशरावांशी तह होऊन कलम लिहिले जे, फाइलीचे माथ्यावरील ओळीस हात लावू नये. लसूण सोलिता डोळ्यांस पाणी येत नाही, हे बखरकार जाणतो. परंतु बाईसाहेबांचे दप्तरी जे लिहिले तेच कायम, येणेप्रमाणे हकिकत रुजू असे.