जिथं चुकलं तिथंच थांबा

भरल्या पंगतीत उभं राहून "थांबा!" असं ओरडणारा माणूस एक तर भांडखोर असतो, नाहीतर आमचा दिगंबरभाऊ. रिसोडात आमच्याच गल्लीत एका वास्तुशांतीला मंडळी पानावर बसली होती. वाढप्यानं घाईघाईत मिठाच्या आधी भात वाढला. झालं! "पयलीच पायरी चुकली. आता पुढचं सारं चुकीवरच वाढून राह्यले तुमी," म्हणत भाऊनं पंगत अडवली. पानं बदलेपर्यंत वरण निवलं आणि यजमान तापले. शेजारी म्हणून मी, शाळेतला मास्तर, त्याच्या बाजूच्याच पानावर होतो. हे शेजारपण मला फार महागात पडतं.

भाऊ पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या करतो. एखादा प्रोग्रॅम आपल्या कम्प्युटरवर बसवायचा तर त्याच्यासोबत एक स्क्रिप्ट जाते. आधी जागा कर, मग ही फाईल ठेव, मग ते सुरू कर, अशा सूचना. तोच प्रोग्रॅम पुढे काढून टाकायचा झाला तर त्याच्या सूचना वेगळ्या. त्या लिहायचं त्याचं काम. आता एखादी पायरी फसली तर काय करायचं, यावर जगात दोन पंथ आहेत म्हणे. एक म्हणतो, चूक गिळा आणि पुढे चला. या पंथाला भाऊ "चालू द्यावाले" म्हणतो, आणि ज्या सुरात म्हणतो त्या सुरात आमच्याकडे चोरालाही कोणी बोलत नाही. दुसऱ्या पंथात तो स्वतः. "जिथं चुकलं तिथंच थांबा, बोंबला, मंगच पुढं." आमचा अख्खा जिल्हा पहिल्या पंथाचा आहे हे त्याला कोण सांगणार?

एकदा ओट्यावर बसून तो पुण्यातल्या एका पोराशी फोनवर तावातावानं भांडत होता. "वरचा पाहून घेईन म्हणते? वरच्याले काय मालूम खाली काय झालं ते? त्याच्या भरवशावर राहू नको!" वरचा म्हणजे ही स्क्रिप्ट चालवणारा दुसरा प्रोग्रॅम. पण समोरच्या शांतामावशींनी ऐकलं, आणि दिगंबर देव मानत नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात पोचली.

हे सगळं कम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण एकदा आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावात, अलीकडच्या किन्हीराजापर्यंतच जाणाऱ्या जीपवर पुढच्या शेलूबाजारची पाटी होती, तर हा भर उन्हात जीपपुढे उभा राहिला. आत कोंबलेली माणसं कळवळून म्हणाली, "भाऊ, आमाले मालूम हाय ना कुठं चाललो ते!"

"तुमाले हाय. नव्या माणसाले?"

पाटी निघाली तेव्हाच तो हटला. मीही त्याच जीपमध्ये होतो, पण ओळख दाखवली नाही.

म्हणून प्राचीला हैदराबादच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली तेव्हा गल्लीला आनंदाऐवजी काळजीच वाटली. प्राची त्याची एकुलती एक. वहिनी गेल्या तेव्हा ती चौथीत होती, तेव्हापासून घरात ही दोघंच. पोरीनं जायचं मनात पक्कं केलं होतं. "काका, बाबा कायतरी चूक काढतीन अन् माह्यं जाणं राहून जाईन," ती रडवेली होऊन मला म्हणाली. मी "काई नाई होत" म्हटलं खरं, पण मलाही तीच धास्ती होती.

जायच्या दिवशी चुकांनी रांगच लावली. वाशीमच्या स्टेशनवर सोडणारी जीप उशिरा आली. बॅगेची चेन तुटली, ती सुतळीनं बांधली. ड्रायव्हरनं नको ती बॅग टपावर टाकली. मी श्वास रोखून भाऊकडे पाहत होतो. तो टपावरची दोरी आवळत होता. पोरीनं पाया पडून डोळे पुसले, जीप वळली आणि गेलीसुद्धा.

"भाऊ, आज एकडाव बी थांबा म्हणलं नाई तुमी?"

"सर, बसवतानी थांबा लागते. काढतानी नाई," तो म्हणाला. "काढतानी बारक्या चुकीपायी थांबलं का ते धड राह्यत नाई अन् धड जात बी नाई. मंधातच अडकून पडते. जाणाऱ्याच्या वाटंतल्या चुका आपणच गिळा लागते."

तेवढ्यात मला ओट्यावर डबा दिसला. पहाटे उठून त्यानं स्वतः केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

"आवं, पोरीचा डबा राह्यला! फोन लावा, जीप नाक्यावरच असन अजून."

भाऊ जागचा हलला नाही. "ती जीपमंदी बसली तवाच दिसला होता मले."

"मंग आवाज काहून नाई देला?"

त्यानं डबा उचलून मांडीवर घेतला आणि लागलेलं झाकण उगाच दाबत राहिला. एरवी गल्ली दणाणून सोडणारा त्याचा आवाज अगदी खाली आला.

"देला असता तं ती उतरली असती, सर. अन् एकडाव उतरली असती, तं मंग मी तिले पुन्हा चढू देलं नसतं."