सबनीसांचा अंगठा

कारखान्यात कानात घालायचे केशरी इअरप्लग घरीही घालून बघावेत, असं केशव सबनीसांना एका सोमवारी वाटलं आणि त्यांनी ते घातले. एवढंच. यातून पुढे चाळीस ढोल निघणार आहेत, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी ते घातले होते.

सबनीस भोपाळला अयोध्या नगरात राहतात आणि जवळच्याच एका मोठ्या कारखान्यात यंत्रांची चाचणी घेतात. तिथे इतका आवाज असतो की शेजारचा माणूस शिंकला तरी ते डोळ्यांनीच कळतं. त्याबद्दल सबनीसांनी कधी तक्रार केली नाही. कारखान्यातला आवाज एकच असतो आणि त्याचा पगार मिळतो.

घरचं तसं नव्हतं. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की मिक्सर, बातम्या, पाणी भरताना गाणं म्हणणारं फिल्टरचं मशीन आणि लेकीच्या, म्हणजे जुईच्या, मोबाइलमधली दर सात सेकंदांनी बदलणारी माणसं एकदम अंगावर यायची. भिंतीवरची दिव्यांची माळ रंग बदलायची. कोपऱ्यातला एक डबा दर पंधरा मिनिटांनी आपण होऊन मोगऱ्याचा फवारा मारायचा (तोही बहुधा सबनीसांच्या तोंडावर). त्यातच खालून भाजीवाल्याचा भोंगा सुरू व्हायचा, "गिलकी ले लो, भिंडी ले लो!" सबनीस डोकं धरून सोफ्यावर बसत आणि कुणी काहीही विचारलं तरी "नाही" म्हणत.

"बाबा, तुम्हाला सेन्सरी ओव्हरलोड होतोय," जुईने एक दिवस सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं एकदम येतं आणि डोकं हँग होतं. रिअल चीज आहे, बाबा."

सबनीसांना फार बरं वाटलं. इतकी वर्षं घरात याला किरकिर म्हणत. आता किरकिरीला इंग्रजी नाव मिळालं होतं, म्हणजे तिच्यावर उपाय करायला हरकत नव्हती.

म्हणून इअरप्लग. दोन केशरी गोळ्या, दोरीने जोडलेल्या. दोरी कॉलरखाली दडवली की झालं. बायकोला, मंजूषाला, त्यांनी काही सांगितलं नाही. (तिने कारण विचारलं असतं, आणि कारणांच्या यादीत तिचं नाव बरंच वर होतं.)

आता एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात ऐकू येत नाही तिथे बोलणाऱ्याला अंगठा दाखवायची रीत आहे. त्याचा अर्थ एवढाच, की मी तुला पाहिलं, आता तू जा. मंजूषाचे ओठ हलले की सबनीसांचा अंगठा सवयीने वर जाऊ लागला. पहिल्या दिवशी ती चकित झाली. दुसऱ्या दिवशी हसली. बुधवारी बशीत गरम शिरा आला, बेदाणे घातलेला. सबनीस शांतपणे शिरा खात होते, समोर बायको बोलत होती, हसत होती, आणि तिला हसताना आपण बऱ्याच दिवसांत नीट पाहिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आणखी एकदा अंगठा वर केला.

गुरुवारी मराठी मंडळाचे सचिव सुरेश चांदोरकर आले. ते बराच वेळ बोलले आणि मधूनमधून वर बोट दाखवत राहिले. बहुधा देवाबद्दल चाललं असावं, असं समजून सबनीसांनी श्रद्धेने अंगठा दाखवला. चांदोरकरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता सबनीसांच्या जिन्यावरून चाळीस पोरंपोरी कमरेला ढोल बांधून वर गेली. सबनीसांनी इअरप्लग काढले.

"हे काय आहे?"

"आपलं पथक!" चांदोरकर म्हणाले. "केशवराव, प्रॅक्टिसला जागा मिळेना हो. सगळ्यांनी साफ मना केलं. नेहरू नगरात तर एकाने अंगावर कुत्रा सोडला. आणि तुम्ही? एका सेकंदात गच्ची दिलीत! गणपतीपर्यंत रोज, साडेसहा ते साडेआठ."

गणपतीला पस्तीस दिवस होते. चांदोरकर वर गेले, पहिला ढोल वाजला आणि फवाऱ्याचा डबा आपण होऊन खाली पडला.

नकार द्यायला सबनीस दोन पायऱ्या चढले आणि थांबले. नकार द्यायचा म्हणजे आपण काही ऐकलंच नव्हतं हे कबूल करायचं. मग मंजूषाचं ते हसू जाणार. त्यांना खरंच भीती वाटली, आणि ती ढोलांची नव्हती.

पण पस्तीस दिवस म्हणजे पस्तीस दिवस. ते स्वयंपाकघरात गेले. मंजूषा मोठ्या पातेल्यात चहा टाकत होती.

"मंजूषा, एक सांगायचंय. रागावू नकोस. आठवडाभर तू जे बोललीस, त्यातला एक शब्दही मी ऐकलेला नाही."

"माहीत आहे," ती साखर घालत म्हणाली. "दोरी मागून दिसते तुमची."

सबनीस खुर्चीवर बसले. "मग विचारत कशाला होतीस?"

"अहो, बावीस वर्षं तुम्ही न ऐकता नाही म्हणत होता. या आठवड्यात न ऐकता हो म्हणायला लागलात. शिवाय मधे बोलत नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा माझी वाक्यं पूर्ण झाली हो!" तिने गॅस बारीक केला, सबनीसांच्या गळ्यातली दोरी सरळ केली आणि मायेने म्हणाली, "आता ते परत कानात घाला बघू. मला अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत."