रघुबाबची चटई

पद संपलं की रघुबाब स्टेजवर तसाच उभा राही. लोकांनी 'वन्समोर' म्हटलं तर बरंच, नाहीतर पेटीवर बसलेल्या मला डोळ्याने खुणावून तो पद पुन्हा सुरू करी. "अरे, मागितलं कोणी?" असं विचारलं की म्हणे, "मागूक लजतत रे. लोक भिडेचे."

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठलीही जत्रा असो, नाटकात रघुबाब हवाच. तो लुगडं नेसून उभा राहिला की बायका नवऱ्यांकडे बघायचं सोडून त्याच्या निऱ्या बघत. शिकलेल्यांनी त्याच्यावर लिहिलं, ते मी नातीकडून वाचून घेतलं. त्यात चटईचा पत्ताच नाही! मी दुसरीत शाळा सोडली, पण त्याच्या पेटीला जन्मभर मीच होतो. तेव्हा लिहिणार मीच.

जत्रेला आमच्याकडे दुपारीच स्टेजसमोर चटया घालून, कोपऱ्यांवर धोंडे ठेवून जागा धरतात. रघुबाबही धरी. रात्रीची महाराणी दुपारी काखेत चटई मारून बायकांशी भांडत असे. "सरक गे! हय माझी बायल बसतली!"

त्या चटईवर कधी कोणी बसलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला तो बायकोचा लग्नातला शालू न विचारता नेसला. सुमतीवयनी पुढेच बसलेली. तिने शालू ओळखला, उठली आणि तरातरा चालत पार चोपडे गावातल्या घरी गेली. त्यानंतर नवऱ्याचं नाटक तिने पाहिलं नाही. चटई तेव्हापासूनची. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "शालू नेसले तेचो राग न्हय, भावजी. माज्यापरास तेंकाच बरो दिसलो, तेचो राग."

भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं एकाच सकाळी त्याच्या अंगणात येऊन थडकली. तुमची भाषा कुठली ते जाहीर करा म्हणाली. रघुबाब म्हणाला, "गाताना मराठी, झगडताना कोंकणी. तुमी आयकूक इल्यात, की झगडूक?" सगळे वयनीच्या हातचा चहा पिऊन गेले. मला मात्र तो महिनाभर एकच सांगत होता, "रांदपघरातसून ती हसली रे! तुया आयकलंस मा?"

गोवा राज्य झालं, रघुबाबला सत्काराच्या शाली मिळाल्या, आणि मग त्याने अंथरूण धरलं. गावच्या जत्रेच्या दुपारी तो कॉटवरून मलाच दटावू लागला. "चटई घाल जा. मागीर उशीर झालो तर जागा मेळाची नाय."

मी पेटी घेऊन बसलो होतो. वयनीने ट्रंक उघडली, शालू काढला, त्याच्या अंगावर पांघरला आणि पदर खांद्यावर नीट बसवला. मग तीच चटई कॉटसमोर घातली. कोपऱ्यावर धोंडा हवा म्हणून वरवंटा ठेवला, आणि बसली.

"गावा आता."

दम कुठला! अर्धं पद त्याने म्हटलं, अर्धं मी पेटीवर पुरं केलं. सवयीने त्याने माझ्याकडे मान वळवली. तो खुणावणार, इतक्यात चटईवरून आवाज आला, "वन्समोर."

रघुबाब लाजला. जन्मभर न मागितलेली पदं म्हणणारा हा गडी, मागितलेलं त्याला म्हणता येईना. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात तो गेला. नेताना कोणी शालू काढायला हात घातला. वयनीने तो हात बाजूला केला.

"ऱ्हवांदे," म्हणाली, "तेंकाच बरो दिसता."