रोजचा सराव

समुपदेशनाच्या बाईंनी शाळेत सोबती पथक काढलं, तेव्हा पथकात मिळणाऱ्या हिरव्या पट्ट्यांसाठी वर्गात नुसती झुंबड उडाली. कोणी कोणाला छळत असेल तर धावून जायचं आणि छळ सोसणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, असं ते प्रशिक्षण. पट्टे मॉनिटर आणि तिच्या मैत्रिणींमध्येच संपले. मग सरावासाठी एक छळणारा हवा आणि एक छळ सोसणारी. धिप्पाड म्हणून ज्याला सगळे डोंगर म्हणत, त्याला छळणारा केलं. तो बिचारा पाल दिसली तरी बाकावर चढायचा. दुसऱ्या कामासाठी बाईंची नजर गेली नवीवर. शाळेत येऊन तिला बरेच महिने झाले होते, पण ते नाव काही सुटलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती एकटीच जेवायची, त्यामुळे तिला फार शिकवावं लागलं नाही.

नवीला सराव फार आवडला. ती जिन्याखाली डबा उघडून बसायची. डोंगर येऊन म्हणायचा, "ए, डबा दे इकडे," आणि मग हळूच, "जास्त जोरात बोललो का गं?" तेवढ्यात पथक धावत यायचं. कोणी खांद्यावर हात ठेवायचं, कोणी "आम्ही आहोत ना" म्हणायचं. मॉनिटर तर आपल्या डब्यातला घास द्यायची. घरी नवी आईला हे सगळं रंगवून सांगायची. सराव हा शब्द तेवढा गाळायची.

"बघ, मी म्हणत होते ना, होतील मैत्रिणी," आई म्हणायची.

मग प्रशिक्षण संपलं आणि जिन्याखाली कोणी फिरकेना. नवीने मान खाली घातली, मोठमोठे उसासे टाकले. एकदा मॉनिटर जाता जाता थांबली आणि कौतुकाने म्हणाली, "पालकसभेत दाखवायचंय म्हणून तयारी का? काय सुरेख करतेस गं."

"मी खरंच एकटी बसलेय."

"हं, हे वाक्य ठेव. छान वाटतं," म्हणत मॉनिटर निघून गेली.

त्या दिवशी नवीने डबा तसाच बंद केला. पट्टा नको, पथक नको. शेजारी बसून "आज डब्यात काय" एवढं विचारणारं कोणीतरी तिला हवं होतं.

शेवटी आला तो डोंगर. त्याचे तर हाल कुत्रा खात नव्हता. त्याने साधं खोडरबर मागितलं तरी पथक अंगावर यायचं.

"बसू का?" त्याने विचारलं. "मला कोणी जेवायला घेत नाही. आज डब्यात काय आणलंस?"

नवी उत्तर देणार, तोच पथक येऊन धडकलं.

"तिला सोड," मॉनिटर म्हणाली. दोघींनी डोंगरला बाजूला केलं, बाकीच्यांनी नवीभोवती कडं केलं. इतके दिवस जिची वाट पाहिली ती सगळी मंडळी आली होती. खांद्यावर हातही होते. आणि डोंगर डबा छातीशी धरून निघाला होता.

"त्याला बसू द्या. तो काही करत नाहीये."

"घाबरू नकोस. आम्ही आहोत ना."

नवीने जरा विचार केला. "अगं, सराव चाललाय आमचा."

"मग आधी नाही का सांगायचं?" मॉनिटरने कडं मोडलं. "आमचं तोंडपाठ आहे, तुमचंच कच्चं राहतंय. करा, करा." जाताना तिने वळून विचारलं, "किती दिवस चालणार?"

"रोज आहे," नवी म्हणाली, आणि सरकून तिने डोंगरला जागा करून दिली.