वहिवाटीचा खर्च

या, असे जवळ सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही टेकायला जागा होईल. आज एका जिंकलेल्या माणसाची गोष्ट ऐकवायची आहे. दावा जिंकणं म्हणजे काय असतं, ते त्याच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

त्या सकाळी मिस्त्रींनी कामाच्या शेडमधून बाहेर पाहिलं आणि हातातला रंधा हातातच राहिला. मिस्त्री म्हणजे नावाजलेले सुतार. शेड घराच्या मागे, आणि तिथून रस्त्याला लागायची वाट शेजारच्या नर्सबाईंच्या अंगणातून. वडिलांच्या वेळेपासूनची वहिवाट. त्या वाटेवर आज नवंकोरं फाटक उभं होतं! आणि ते बनवलं होतं बाजारापलीकडच्या दुसऱ्या सुतारानं.

"मी इथे भिंतीला भिंत लावून बसलोय, आणि फाटक त्याच्याकडून? वाट अडवली ती अडवली, वर परक्या हातानं!"

"अहो, बाईंना विचारून तर या," बायको म्हणाली.

"हक्काचं काय विचारायचं?"

"मग ढकलून तरी बघा."

"दुसऱ्या सुताराच्या कामाला मी बोट लावणार नाही. माझ्या कामाला कुणी लावलेलं मला खपतं का?"

आता खरी अडचण अशी, की शेडमध्ये वाचनालयाचं टेबल तयार होऊन बसलं होतं. मिस्त्रींच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम! खिळा न वापरता सांधलेलं, आणि इतकं लांब की घरातल्या बोळातून वळणं शक्यच नाही. बाहेर जायचं तर त्याच वाटेनं.

मिस्त्रींनी थेट गावातला सगळ्यांत महागडा वकील गाठला.

"एवढा खर्च?" बायकोनं कपाळाला हात लावला.

"अगं, खर्च हरणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. म्हणजे नर्सबाईंच्या. आपण कशाला हात आखडता घ्यायचा?"

मग काय विचारता! मोजणीदारानं वाट एकदा मोजली. मोजणीच्या वेळी काढलेल्या फोटोत मिस्त्रींचे डोळे मिटलेले आले, म्हणून पुन्हा मोजली. कोर्टात जायचं ते टॅक्सीनं, आणि परतेपर्यंत टॅक्सी दारात उभी. घरी आलेल्याला आग्रह करकरून वाढावं, तसा मिस्त्री नर्सबाईंच्या खर्चानं न्यायदेवतेचा पाहुणचार करत होते.

नर्सबाई अधूनमधून भिंतीवरून डोकावायच्या. "मिस्त्री, अहो ते फाटक ना..."

"जे काय असेल ते वकिलामार्फत!" मिस्त्री रंधा मारत सुटायचे.

वाचनालयाचे ग्रंथपाल येऊन गेले. "मिस्त्री, वाचक उभ्यानं वाचतायत हो."

"निकाल लागू द्या. न्यायाच्या वाटेनं टेबल येईल, मान ताठ ठेवून येईल."

ग्रंथपालांनी आणखी थोडी कळ काढली आणि शेवटी दुसरं टेबल करून घेतलं, ते बाजारापलीकडच्या सुताराकडून.

सुनावणीला मिस्त्रींचे वकील घसा सुकेपर्यंत बोलले. मग न्यायाधीशांनी नर्सबाईंकडे पाहिलं. "तुम्ही यांची वाट का अडवलीत?"

"मी कशाला अडवू, साहेब? भटकी कुत्री येऊन रोपं उकरतात, म्हणून फाटक लावलं. कुलूप नाही, कडी नाही, ढकललं की उघडतं. हेच सांगायला गेले, तर हे म्हणतात वकिलामार्फत बोला. मग मलाही वकील करावा लागला."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिस्त्री, ढकलून पाहिलंत?"

"नाही, साहेब."

"का बरं?"

"दुसऱ्याचं काम होतं ते."

न्यायाधीशांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

निकाल लागला. वहिवाटीचा हक्क मिस्त्रींचाच, आणि तो कायमचा. मिस्त्रींनी मागे वळून बायकोकडे असं पाहिलं, जणू गडच सर केलाय.

"आणि साहेब, खर्च?"

"दोन्ही बाजूंचा तुमच्याकडे. कुणी नाही म्हटलेलं नसताना दावा लावलात."

"पण मी जिंकलो ना?"

"जिंकलात की! अभिनंदन."

नर्सबाईंनी आपला खर्च तिथल्या तिथे सोडून दिला. "माझी वकील माझी भाचीच आहे. तिला पोटभर जेवू घातलं की झालं," त्या म्हणाल्या. मिस्त्रींच्या वकिलांना मात्र अशी मावशी नव्हती. ते फी वसूल करायला शेडमध्ये आले, टेबलाभोवती एक फेरी मारली, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या ऑफिसात अगदी चपखल बसेल हो!"

दुसऱ्या दिवशी टेबल निघालं. हमालांच्या पुढे मिस्त्री, मान ताठ. नर्सबाईंनी एका बोटानं फाटक ढकललं आणि धरून ठेवलं.

"अगंबाई, काय देखणं काम केलंत, मिस्त्री! कुणाकडे निघालं?"

"खर्चाकडे," मिस्त्री म्हणाले. मग जरा थबकले, बिजागरीला बोट लावून पाहिलं आणि हळूच पुटपुटले, "हात बरा आहे मेल्याचा."

तर मंडळी, आता घरी जाल, देवापुढे दिवा लावून आपल्या माणसांसाठी हात जोडाल. त्यात त्या बाजारापलीकडच्या सुताराचीही आठवण ठेवा. बिचाऱ्यानं एका बोटानं उघडणारं फाटक केलं; पण त्याचं कौतुक व्हायला कोर्टाचा निकाल लागावा लागला.